मुंबई–लंडन किती लांब?

आपल्याकडे अंतर विचारलं की उत्तर तासांत येतं. पुणं किती लांब? साडेतीन तास. घाटात अडकलात तर पाच. किलोमीटर सांगणारा माणूस विरळा, आणि त्यात चूक काही नाही. पोचणार कधी एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं. लंडनलाही हाच नियम. लेकीकडे निघालेले आजी-आजोबा शेजारी सांगून ठेवतात, "दहा तासांचं विमान आहे." परत आले की सांगतात, "येताना नऊ तासांतच आलो हो." ऐकणारा "बरं झालं" म्हणतो आणि विषय नातवंडांकडे वळतो. दोन्ही शहरं जागची हललेली नाहीत, विमानही त्याच जातीचं, मग मधला तास गेला कुठे?

तो शोधायचा तर आधी अंतर किती ते पक्कं करायला हवं, आणि गोची तिथूनच सुरू होते.

मुंबईचं विमानतळ १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि जवळजवळ ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे. हीथ्रो साडेएक्कावन्न अंश उत्तरेला आणि शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला. या दोन ठिकाणांमधलं पृथ्वीच्या पाठीवरचं कमीत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरतं. वैमानिक सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या कागदावर हेच अंतर ३,९०० च्या आसपास दिसतं.

हे कमीत कमी अंतर शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सापडत नाही. पट्टीने मुंबई आणि लंडन जोडलं तर रेघ अरबी समुद्र, इराणचं आखात, इराक अशी जाते आणि तिचा मध्य तुर्कस्तान-सीरियाच्या सीमेजवळ, भूमध्य समुद्राच्या कोपऱ्यात येतो. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा नकाशावरच्या रेघेपेक्षा बराच उत्तरेकडून जातो. त्याचा मध्यबिंदू जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेवर, तिबिलिसी शहराच्या थोडा दक्षिणेला पडतो. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. तिची गंमत अशी की दिशा सतत बदलत राहते. मुंबईहून निघताना तोंड बरोबर वायव्येला असतं, आणि लंडनला पोचताना ते जवळजवळ नेमकं पश्चिमेला वळलेलं असतं. उलट बाजूने पाहिलं तर आणखी नवल वाटतं. मुंबई लंडनच्या ३२ अंश दक्षिणेला आहे, तरीही लंडनहून मुंबईकडे येणारी सर्वांत जवळची वाट सुरुवातीला सरळ पूर्वेला जाते. दक्षिणेकडे झुकणं नंतर, हळूहळू होतं.

या वळशाने वाचतं किती? मुंबई–लंडनच्या बाबतीत जेमतेम २०० किलोमीटर, म्हणजे पंधरा मिनिटांच्याही आतलं काम. मुंबई–न्यूयॉर्कला मात्र हाच फरक दीड हजार किलोमीटरच्या पुढे जातो. दोन शहरं पूर्व-पश्चिम जितकी दूर आणि ध्रुवाकडे जितकी सरकलेली, तितका सपाट नकाशा जास्त फसवतो.

आता तो ताणलेला दोरा कुठून कुठून जातो ते नीट पाहू, कारण या मार्गाची सगळी कहाणी त्यात आहे. मुंबईहून निघून सौराष्ट्र-कच्छ ओलांडला की दोरा जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो. पुढे बलुचिस्तान, मग इराणमध्ये झाहेदानच्या बाजूने तिरका वर, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण किनारा, अझरबैजान, आर्मेनिया-जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचा मोठा पट्टा, पोलंड-चेकची सीमा, जर्मनी, नेदरलँड्स-बेल्जियमची किनारपट्टी आणि इंग्लंड. भूमितीला राजकारण कळत नाही हे खरं, पण गेल्या काही वर्षांत ज्या-ज्या आकाशाबद्दल वैमानिकांना इशारे द्यावे लागले त्यातलं निम्मं एका दोऱ्यात ओवायचं तिने ठरवलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. म्हणून ७,२०० किलोमीटरची ही सरळ वाट कागदावर खरी असली तरी आज तिच्यावरून कोणी उडत नाही.

आकाशाला मालक असतो, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारात पहिल्याच कलमात लिहिलं आहे: प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या हवाई हद्दीवर पूर्ण सत्ता. दुसऱ्याच्या हद्दीतून जायचं तर परवानगी हवी आणि बहुतेक ठिकाणी पैसेही मोजावे लागतात. एखाद्या देशाने दार लावलं की वळसा आला. बालाकोटच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती पूर्ववत व्हायला जुलैचा मध्य उजाडला. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं, पण या वेळी बंदी भारतीय विमानांपुरती होती. भारतानेही काही दिवसांत पाकिस्तानी विमानांना बंदी केली. त्यातून एक विचित्र परिस्थिती तयार झाली. एकाच मुंबईहून एकाच हीथ्रोला, एकाच दिवशी निघालेल्या दोन विमानांपैकी ब्रिटिश विमानाला कराचीवरून जायची मुभा, आणि भारतीय विमानाला समुद्रावरून फिरून जाणं भाग. अंतर शहरांमधलं न राहता शेपटीवर रंगवलेल्या झेंड्याचं झालं.

मुंबईचं नशीब एवढंच की ती समुद्रावर आहे. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या भारतीय विमानाला पाकिस्तान बंद झाल्यावर आधी गुजरात-अरबी समुद्राकडे खाली यावं लागतं, तिथे मोठा वेळ जातो. मुंबईहून निघालं की समोर पाणीच पाणी. ओमानच्या दिशेने सरळ सुटायचं, आखात गाठायचं, आणि पुढे त्या दिवशी इराक उघडं असेल तर इराक-तुर्कस्तान, नसेल तर सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून भूमध्य समुद्र. 'त्या दिवशी' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. १३ जून २०२५ ला इस्राएलने इराणवर हल्ला केला आणि काही तासांत इराण, इराक, जॉर्डन यांनी आकाश बंद केलं. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून परत मुंबईला आलं आणि लंडनहून मुंबईला येणारं विमान व्हिएन्नाला उतरवावं लागलं. त्या प्रवाशांना मुंबई–लंडन किती लांब असं विचारलं असतं तर त्यांनी तासांत उत्तर दिलं नसतं, आणि जे दिलं असतं ते छापण्याजोगं नसतं.

तरीही हरवलेल्या तासाचा खरा मानकरी राजकारण नाही. सगळ्या हद्दी उघड्या असत्या, दोन्हीकडची वाट तंतोतंत एक असती, तरी जाताना जास्त आणि येताना कमी वेळ लागलाच असता.

याचं कारण विचारलं की हमखास येणारं उत्तर म्हणजे पृथ्वीचं फिरणं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना लंडन आपल्याकडे यायला हवं आणि वेळ कमी लागायला हवा. प्रत्यक्षात उलट होतं, तेव्हा हे उत्तर चुकीचं आहे हे अनुभवच सांगतो. मुंबईच्या धावपट्टीवर शांत उभं असलेलं विमान मुळात पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला चाललेलं असतं. भोवतालची हवाही त्याच वेगाने चाललेली असते, आणि विमान उडतं ते या हवेत. जमिनीशी त्याचा संबंध चाकं उचलली की संपतो. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा-तोटा विमानाला होत नाही. अप्रत्यक्ष मात्र होतो, कारण वरची हवा जमिनीशी तंतोतंत जुळवून फिरत नाही. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते तेव्हा तिचा पूर्वेकडचा मूळचा वेग तिच्याबरोबर येतो, आणि खालची जमीन मात्र तिथे हळू फिरत असते. लंडनच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी १,०४० किलोमीटरच आहे. परिणामी दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि जोरकस वारे तयार होतात. हेच जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात तीनशेच्या पुढेही जातो.

हे वारे पहिल्यांदा पद्धतशीर मोजले जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. ओइशी एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेचे कट्टर पुरस्कर्ते. आपलं संशोधन साऱ्या जगाने वाचावं म्हणून त्यांनी १९२६ चा अहवाल एस्पेरांतोत छापला, आणि साऱ्या जगाने तो वाचला नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली तेव्हा त्यांना अचानक असे वारे लागले की पाठीशी घेतले तर बॉम्ब भलतीकडे पडत आणि तोंडावर घेतले तर विमान जागच्या जागी रेंगाळल्यासारखं होई. त्यानंतर या वाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

आपल्या मार्गावर हिवाळ्यातला उपोष्ण जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारत, इराण आणि पश्चिम आशियावरून वाहतो. म्हणजे जानेवारीत मुंबई–लंडन विमानाला तो जवळजवळ नाकासमोर येतो. जूनच्या सुमारास तो तिबेटच्या उत्तरेला सरकतो, आणि याच सरकण्याचा आपल्या मान्सूनच्या आगमनाशी जवळचा संबंध आहे. पावसाळ्यात भारताच्या दक्षिण भागावर तर उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह उभा राहतो. त्याचा अभ्यास पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात केला. त्यामुळे जुलैत मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला सुरुवातीला थोडा पाठीचा वाराही मिळू शकतो. खाली पावसाने झोडपलेलं विमानतळ आणि वर वाऱ्याची साथ. हिवाळ्यात तसं सुख नाही. डिसेंबर-जानेवारीत लंडनला जायला दहा तासांच्या वर लागतात ते यामुळे.

शाळेत नावेची गणितं असायची, प्रवाहाच्या दिशेने अमुक वेळ आणि विरुद्ध दिशेने तमुक. तेच गणित इथे मांडू. आजचं मोठं जेट विमान हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातं. वारा नसेल तर ७,२०० किलोमीटरला बरोबर आठ तास. आता सगळ्या वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमी वारा धरा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८००, वेळ नऊ तास. येताना वेग १,०००, वेळ सात तास बारा मिनिटं. जाण्या-येण्यातला फरक एक तास ४८ मिनिटं! पण खरी मेख बेरजेत आहे. वाऱ्याविना जाऊन-येऊन सोळा तास लागले असते. वाऱ्यासह सोळा तास बारा मिनिटं लागली. जाताना वाऱ्याने घेतलं तेवढं येताना परत केलं नाही. कारण साधं आहे, विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि पाठीच्या वाऱ्यात कमी. नावेच्या गणितात हे लपलेलं असायचं, पण सरांनी कधी बेरीज करायला सांगितली नाही.

पाठीचा वारा किती पळवू शकतो याचं उदाहरण म्हणून ८-९ फेब्रुवारी २०२० ची रात्र सांगतात. अटलांटिकवर वादळ होतं, आणि न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ लंडनला पाच तासांच्याही आत, ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता, कारण तो हवेच्या संदर्भात मोजायचा, आणि हवाच त्याला घेऊन पळत होती.

वाऱ्याचा हा हिशेब प्रवासी बसण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. विमान कंपनीचा फ्लाइट डिस्पॅचर त्या रात्रीचे वाऱ्यांचे अंदाज, बंद हद्दी, हद्दीची शुल्कं आणि विमानाचं वजन मांडून वाट ठरवतो. पुष्कळदा ही वाट सर्वांत जवळची नसते, सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत लवकर पोचवणारी असते. याचं टोक पाहायचं तर एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, पूर्वेकडून नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरनी वाढून सुमारे १५,३०० झालं, आणि वेळ कमी झाला. वारा पाठीशी होता.

विमानात बसल्यावर समोरच्या पडद्यावर नकाशा लावा आणि उंचीचा आकडा पाहत राहा. पश्चिमेला जाणारी विमानं साधारणपणे सम हजारांवर उडतात, ३४,००० फूट, ३६,००० फूट. पूर्वेला येणारी विषम हजारांवर, ३५,०००, ३७,०००. समोरासमोर येणाऱ्यांमध्ये हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून ही वाटणी. शिवाय विमान पहिल्याच तासात सर्वांत वर जात नाही. इंधनाने जड असताना खाली राहतं, आणि जळत जाईल तसं पायरी-पायरीने वर चढतं. झोप येत नसेल तर हा खेळ वाईट नाही. सिनेमांपेक्षा तरी बरा.

हा सारा हिशेब मिनिटांचा आहे. एके काळी तो आठवड्यांचा होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाल्यावर आफ्रिकेचा वळसा वाचला आणि मुंबई–लंडन दोन-तीन आठवड्यांच्या टप्प्यात आलं. पहिल्या गोलमेज परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर ऑक्टोबर १९३० मध्ये 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून गेले, त्यांना साधारण दोन आठवडे लागले. तेव्हा विमानसेवा सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, पण मुंबईला नव्हे. इम्पीरियल एअरवेजने मार्च १९२९ मध्ये सुरू केलेली ही सेवा आज वाचताना विनोदी वाटते: लंडनहून बासेल विमानाने, तिथून जिनोआ रेल्वेने, जिनोआहून अलेक्झांड्रिया पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, आणि पुढे बगदाद-बसरा करत कराची. एकूण सात दिवस. ब्रिटिशांच्या या मुख्य वाटेवर मुंबई नव्हतीच. ती जोडली जे. आर. डी. टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला. एक इंजिन असलेल्या पस मॉथ विमानात टपाल घालून ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. आपल्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळजवळ त्याच पहिल्या तुकड्यावरून, उलट्या दिशेने. त्याच वर्षी लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. तिथल्या मंडळींची टपालाशी काय नाती असतील याची कल्पना करता येते.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान, वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेतलं जिनिव्हा म्हणजे आल्प्सच्या कुशीत उतरणं, आणि ते दोनदा भोवलं. हेच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० ला माँ ब्लाँ शिखरावर आदळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर, जवळपास त्याच ठिकाणी आदळलं. ११७ जण मृत्युमुखी पडले, त्यात डॉ. होमी भाभा होते. त्या पर्वतावरची बोसों हिमनदी अजूनही त्या अपघाताच्या वस्तू खाली आणून सोडते. २०१२ मध्ये भारतीय राजनैतिक टपालाची एक थैली तिथे सापडली. आज विमानं मध्ये न थांबता जातात तेव्हा नुसता वेळच वाचत नाही, असल्या उतरण्या-चढण्याही टळतात.

बोइंग ७०७ एअर इंडियाकडे १९६० मध्ये आलं आणि वेग एकदम जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतर? काही नाही. पासष्ट वर्षं झाली, आजचं अत्याधुनिक विमान ७०७ पेक्षा वेगवान नाही. इंजिनं कमी इंधन पितात, आवाज कमी करतात, एका दमात दुप्पट अंतर जातात, पण ताशी ९०० च्या आसपासच. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की पंखांवर धक्कालहरी तयार होतात, हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचं बिल त्याहून झपाट्याने. काँकॉर्डने ती भिंत ओलांडली. २१ जानेवारी १९७६ ला ब्रिटिश एअरवेजचं पहिलं काँकॉर्ड लंडनहून बहारीनला गेलं, म्हणजे आपल्या दिशेनेच. पण स्वनातीत विमान ज्या भूमीवरून जातं तिथे स्फोटासारखा आवाज होतो, म्हणून त्याला पूर्ण वेगात जायला समुद्र लागतो. लंडन–न्यूयॉर्कला समुद्र आहे. लंडन–मुंबईचा दोरा पुन्हा आठवा: बहुतेक वाट जमिनीवरून, कोणाच्या ना कोणाच्या घरांवरून. या मार्गाच्या नशिबी काँकॉर्डचं सुख कधी येणारच नव्हतं.

घड्याळाचा गोंधळ थोडक्यात सांगतो, कारण तो दिसतो तेवढा अवघड नाही. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. हिवाळ्यात लंडन ग्रिनिचची वेळ पाळतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. म्हणून फरक हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. जानेवारीत दुपारी एकला मुंबईहून निघून दहा तास उडलात तर लंडनला संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. हिवाळ्यातली एक युक्ती परदेशी मुलं असलेल्या घरांत ठाऊक असते: काट्यांचं घड्याळ उलटं धरा, लंडनची वेळ दिसते. आपले साडेपाच तिकडचे बारा. तासकाटा जरा रेंगाळलेला वाटतो, पण फोन करायची वेळ आहे की नाही एवढं कळतं. उन्हाळ्यात युक्ती चालत नाही, आणि एप्रिलमध्ये सवयीने घड्याळ उलटं धरणाऱ्यांचा तास चुकतो.

सूर्याला विचारलं तर तो साडेपाच म्हणणार नाही. मुंबई आणि लंडनमधला खरा सौर फरक ४ तास ५१ मिनिटांचा आहे, आणि मुंबई एके काळी तीच वेळ पाळायची. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी शहराने आपली ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत काही ठिकाणी सोडली नव्हती. सूर्याचीच आणखी एक गंमत: जूनमध्ये दुपारी लंडनला निघालेल्या प्रवाशाला वाटेत मावळतीच दिसत नाही. तो सूर्यामागे पळत असतो आणि उतरल्यावरही तीन तास उजेड असतो.

शेवटी तिकिटावर छापलेल्या 'नऊ तास पन्नास मिनिटं' या आकड्याबद्दल. तो हवेत घालवलेला वेळ नव्हे. एका गेटवरून विमान मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या गेटला टेकेपर्यंतचा तो काळ, ज्याला धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात मुंबईची रांग येते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मनसोक्त वापरता येत नाहीत, आणि तरी या विमानतळाने एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं-उतरणी पार पाडलेली आहेत. दुसऱ्या टोकाला हीथ्रो. तिथेही दोनच धावपट्ट्या, आणि वर्षाला चार लाख ऐंशी हजार उड्डाणं-उतरणींची कायदेशीर मर्यादा. दिवसाचा कोपरान् कोपरा भरलेला असतो. लंडनभोवती चार ठिकाणी विमानं एकावर एक हजार फुटांच्या अंतराने घिरट्या घालत नंबर येण्याची वाट पाहतात: बोव्हिंग्डन, लँबर्न, ओकम आणि बिगिन. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा ईशान्येचं लँबर्न येतं. कंपन्या या साऱ्याची मिनिटं आधीच वेळापत्रकात घालून ठेवतात, म्हणून "आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत" ही घोषणा झाल्यावर फार टाळ्या वाजवायचं कारण नसतं.

लवकर पोचण्यात तसाही फायदा नाही. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहापर्यंत उड्डाणांवर कडक कोटा आहे, आजूबाजूच्या वस्तीच्या झोपेसाठी. मुंबईहून मध्यरात्रीनंतर दोनला निघणाऱ्या विमानांना आपण नावं ठेवतो, पण हिवाळ्यात दोनला निघून दहा तास उडलं की लंडनला सकाळचे साडेसहा वाजतात. आपली झोपमोड त्यांच्या झोपेच्या हिशेबात बसवलेली आहे. एखाद्या दिवशी समोरचा वारा मंद असला आणि विमान पाऊण तास आधीच यायला लागलं तर त्याला मोकळी धावपट्टी मिळेलच असं नाही. २०१४ पासून हीथ्रोने शेजारच्या देशांच्या नियंत्रकांशी ठरवून घेतलं आहे की रांग लांबलेली दिसली तर साडेसहाशे किलोमीटर आधीपासूनच येणाऱ्या विमानांचा वेग कमी करायचा, म्हणजे लँबर्नवर घिरट्या कमी पडतात आणि इंधन वाचतं. म्हणून जर्मनीवर कुठेतरी, सगळे प्रवासी नाश्त्याच्या ट्रेमध्ये गुंतलेले असताना, पायलट इंजिनाचा जोर थोडा काढून घेतो.